बूबा मला टोकदार वाटतो, बाकी सगळ्यांना गोल. माझ्यात काही वेगळं आहे का?

नाही, अजिबात काळजी करू नका. ज्यांना ही चाचणी माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन आकार दाखवतात, एक वळणदार, एक टोकाटोकांचा. 'बूबा' आणि 'किकी' ही दोन निरर्थक नावं; त्यातला बूबा कोणता नि किकी कोणता, ते आपण सांगायचं.

बहुतेक जण वळणदार आकाराला बूबा म्हणतात हे खरं. पण किती? २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदू-संशोधकांनी ९५ टक्के असा आकडा दिला, तोच सगळीकडे फिरत राहिला. २०२२ मध्ये २५ भाषांच्या ९१७ लोकांवरचा अभ्यास आला, त्यात हे प्रमाण ७२ टक्के निघालं. म्हणजे चारांत एकाहून जास्त लोकांचं उत्तर ठरलेल्यापेक्षा वेगळं होतं. जपानी बोलणाऱ्यांत जुळणी भरपूर होती, तर रोमानियन, तुर्की आणि मँडरिन (चिनी) बोलणाऱ्यांत फारच कमी.

आरशासमोर दोन्ही शब्द म्हणून बघा. 'बू'ला ओठांचा चंबू होतो आणि आवाज घुमतो. 'की'ला जीभ टाळूला अडून झटकन सुटते, ओठ फाकतात, आवाज बारीक लागतो. यातलं काय कुणाला जाणवेल, ते माणसागणिक बदलतं. शिवाय आठवणी असतातच. मी भाषाविज्ञान शिकवते. वर्गात एका मुलीने किकी ठामपणे गोल ठरवली, कारण तिच्या मावशीच्या गलेलठ्ठ मांजरीचं नाव किकी. तिला टोकदार किकी सुचणार कशी?

दृष्टीचाही वाटा आहे. २०१४च्या एका अभ्यासात लोकांनी आकार हाताने चाचपून निवडले, तेव्हा अंध व्यक्तींमध्ये हा कल डोळस लोकांपेक्षा बराच कमी दिसला. डिस्लेक्सिया किंवा ऑटिझम असलेल्यांच्या गटांतही तो कमी आढळला आहे. पण हात जोडून सांगते, ही गटांची सरासरी आहे. तिच्यावरून स्वतःचं किंवा घरातल्या मुलाचं निदान करू नका.

स्वतःचा कल बघायचाच असेल तर बूबा-किकी सोडा, त्याचं उत्तर आता तुम्हाला माहीत झालंय. दुसऱ्या कुणाला तरी नवे निरर्थक शब्द रचायला सांगा. ते लिहिलेले पाहू नका, नुसते ऐका, आणि आकारही दर वेळी नवे घ्या. वीसेक जोड्या झाल्या की काहीतरी दिसायला लागेल. एकाच जोडीत नुसत्या अंदाजानेसुद्धा निम्म्या वेळा बरोबर येतं.