लक्झरी गाडीत प्रीमियम पेट्रोल टाकावं का? आधी टाकीचं झाकण उघडून आत बघा

तुमची गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेडान, धावणं बहुतेक अंधेरी ते बीकेसी, आणि पंपावरचा पोऱ्या दर वेळी विचारतो, ‘साहेब, पॉवर टाकू?’ माझं मत: ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकलंत तर वाया जाणार नाही, पण त्यातून फार काही मिळेल असंही नाही. शंभर ऑक्टेन तुमच्या गाडीला बहुधा नकोच.

गाडी ऐंशी लाखांची आहे म्हणून तिला महाग पेट्रोल लागतं असं नसतं. काय लागतं ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. तिथे ‘किमान ९१’, ‘९५’ किंवा ‘९८’ असा आकडा सापडेल. हा ऑक्टेनचा आकडा. पुढे आरओएन किंवा जर्मन पद्धतीने आरओझेड लिहिलेलं असेल, दोन्ही एकच. अमेरिकन व्हिडिओ बघून मात्र गोंधळू नका. त्यांच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. त्यांचं ‘९१ प्रीमियम’ म्हणजे आपलं साधारण ९५-९६, आणि आपलं ९१ म्हणजे त्यांचं साधं ८७.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता सोसून, प्लगच्या ठिणगीची आग पोहोचेपर्यंत आपणहून पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती कमी पडली की मिश्रण अवेळी पेटतं आणि डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. हेच नॉकिंग. आजच्या गाडीत नॉक सेन्सर ते कानावर येण्याआधीच पकडतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण गाडी थोडी जड वाटते आणि पेट्रोल थोडं जास्त पितं. म्हणून ९५ मागणाऱ्या गाडीत ९१ गेलं तर आभाळ कोसळत नाही.

हा फरक दिसतो कुठे? मे महिन्यात, चार माणसं, डिकीभर सामान, एसी फुल आणि खोपोलीवरून खंडाळ्याचा घाट. तिथे टर्बो पूर्ण दाब देतो, आत जाणारी हवा तापलेली असते, आणि चांगलं ऑक्टेन खरंच कामी येतं. वेस्टर्न एक्सप्रेसवर विलेपार्ल्याला वीसच्या स्पीडने सरकताना थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. तिथे शंभर ऑक्टेन टाका नाहीतर साधं, इंजिनाला कळतसुद्धा नाही.

आता ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची गंमत. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर साधं पेट्रोलही ९५ च्या जवळ जातं. म्हणजे पॉवर ९५ किंवा एक्सपी९५ (९५ ऑक्टेनच्या पेट्रोलची ब्रँडनावं) घेताना ऑक्टेनसाठी जे पैसे मोजत होतो, त्यातलं बरंचसं साध्या नळीतूनच मिळू लागलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. ते ९५ टाकून भरून निघत नाही, कारण बहुतेक ठिकाणी त्यातही इथेनॉल असतंच. खात्री करायची असेल तर शंभर मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला तर ई-२०, दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. हे उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको.

हिशेब मांडू. महिन्याला हजार किलोमीटर आणि शहरात लिटरला आठ, म्हणजे १२५ लिटर. ९५ ला लिटरमागे आठ रुपये जास्त धरले तर महिन्याला हजार. ते वसूल व्हायला मायलेज सात-आठ टक्क्यांनी वाढायला हवं, आणि ट्रॅफिकमध्ये ते होत नाही. शंभर ऑक्टेनला साठेक रुपये जास्त धरले तर महिन्याला साडेसात हजार! त्या पैशांत इंजिन ऑइल दहाच्या ऐवजी सात-आठ हजार किलोमीटरला बदला, प्लग वेळेवर बदला. थांबत-थांबत चालणाऱ्या टर्बोला त्याचाच फायदा जास्त.

प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारं रसायन असतं, हे खरं. पण तुमच्यासारख्या बहुतेक टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत घेणाऱ्या झडपेला) ते लागतच नाही. तिथे साचणारा कार्बन ऑइलच्या वाफेचा. तो कुठल्याही पेट्रोलने जात नाही, मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा पोचवणारा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने फवारून काढावा लागतो. इंजेक्टरची टोकं मात्र साफ राहतात. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांपासून लांबच राहा. मँगनीजवाल्या असतील तर प्लगवर लालसर थर बसतो आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो.

झाकणावर ९८ लिहिलं असेल (मर्सिडीजच्या एएमजी, बीएमडब्ल्यूच्या एम, ऑडीच्या आरएस वर्गातल्या गाड्या) तर गोष्ट वेगळी. तिथे टाकी निम्मी ९५ आणि निम्मी १०० केली तर ढोबळमानाने ९७-९८ येतं. घाटात किंवा एक्सप्रेसवेवर रेटणार असाल तर सरळ शंभर भरा.

स्वतः पडताळायचं असेल तर एकाच पंपावर, एकाच नळीवर, पहिला ‘कट’ पडेपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) भरा आणि तीन टाक्या साधं, तीन टाक्या ९५ चालवा. पहिली टाकी मोजू नका, ईसीयूला जुळवून घ्यायला वेळ लागतो. तुमच्या गाडीच्या कंपनीचा प्रोटोकॉल समजणारं ओबीडी अॅप (ईसीयूतले आकडे फोनवर दाखवणारं) असेल तर चढावर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे घेतली जाते ते बघा. दोन्हीत आकडे सारखे आले तर प्रश्न मिटला.

पंप निवडताना खप बघा. महागडं पेट्रोल ज्या पंपावर दिवसाला दोन गाड्याच घेतात, तिथे ते टाकीत पडून असतं. पावसाळ्यात तिथे पाण्याचा धोकाही जास्त. शंका आली तर घनता तपासायला सांगा, नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा तीनहून जास्त फरक चालत नाही. फिल्टर पेपरची चाचणीही (कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते बघायची) मागा, पैसे पडत नाहीत. गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बेसमेंटला उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून इथेनॉल पाणी ओढतं.

आणि गाडीत पेट्रोल ड्रायव्हर भरत असेल तर तुम्ही ठरवलेल्या पेट्रोलची मराठीत चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा, जसं की: ‘फक्त ९५. पंपावर कोणी काहीही म्हणो.’