डिस्ने वर्ल्डला डबा न्या, पण पुड्या बांधून

जूनमध्ये न्यू जर्सीहून फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, डिस्ने वर्ल्डमध्ये दोन दिवस, एक तिथल्या मॅजिक किंगडम पार्काचा, एक एपकॉट पार्काचा. सोबत चार आणि नऊ वर्षांची मुलं, सांगलीहून आलेले सासू-सासरे, दोघंही शाकाहारी, त्यात सासऱ्यांना मधुमेह. सासूबाई म्हणतात डबा करून नेऊ, नवरा म्हणतो आत नेऊच देणार नाहीत. न्यावा का, काय न्यावं आणि उन्हात टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी टँपाला राहते, तिथून डिस्ने गाडीने सव्वा तासावर. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर एक फेरी होतेच, त्यामुळे हा डबा मी बऱ्याच वेळा भरलाय.

सासूबाईंचं बरोबर आहे. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं दारातच काढून ठेवायला लावतात, म्हणून तुमच्या मिस्टरांना तसं वाटणं साहजिक आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये मात्र स्वतःपुरतं खाणं आणि दारू सोडून कोणतंही पेय आत नेता येतं. अटी मोजक्याच आहेत. काचेची बरणी किंवा बाटली नको, फक्त बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या चालतात. सुटा बर्फ आणि ड्राय आइस नको, गोठवलेले जेल पॅक चालतात. कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच यापेक्षा मोठा नको. गरम करावं लागेल किंवा ज्याचा उग्र वास सुटेल असं खाणं नको. मुलांना बसवून ओढायची चार चाकी वॅगनही चालत नाही, तेव्हा सामान तिच्यात टाकू असा बेत असेल तर सोडा.

काचेचा नियम मी एकदा विसरले होते. दुसऱ्या एका पार्कात, आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी पिशवीत तशीच राहिली. गाडी लांब, मुलं आत जायला उतावीळ. शेवटी ती भरलेली बरणी दाराशीच कचऱ्यात टाकावी लागली. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही. आदल्या रात्रीच पिशवी उलटी करून एकदा बघा.

डबा पैसे वाचवायला न्यायचा असं सगळे धरून चालतात. पैसे वाचतात, सहा माणसांचे चांगलेच वाचतात. पण मी डबा नेते तो वेळ आपल्या हातात राहावी म्हणून. साडेअकरा ते दीड या वेळात आतल्या खाण्याच्या प्रत्येक खिडकीवर गर्दी असते. चार वर्षांच्या मुलाला भूक लागते ती मात्र पावणेअकराला, रांगेत उभं असताना. सासऱ्यांची गोळी साडेबाराची असेल तर ती रांग संपायची वाट बघत नाही. जवळ खाणं असलं की दुपारी सगळे जेवायला वळतात तेव्हा तुम्ही राइडला जाता, आणि सगळे परत राइडकडे पळतात तेव्हा सावलीत बसता.

म्हणूनच सहा जणांचा मिळून एक मोठा डबा भरू नका. तो उघडायला टेबल लागतं, ताटल्या लागतात, आणि एकदा उघडला की पुन्हा बंद होत नाही. त्याऐवजी पुड्या बांधा. प्रत्येकाची वेगळी पुडी, एका वेळची एक, वर नाव आणि वेळ. झिपच्या पिशव्या किंवा सँडविचचा कागद, काहीही चालेल. एका हाताने, उभ्याने, चमच्याशिवाय खाता येईल तेच पुडीत घालायचं. माझ्या घरी साडेदहाची, सव्वाअकराची, दोनची आणि पाचची अशा चार पुड्या असतात. साडेदहाची लहान, फक्त मुलांना आणि सासऱ्यांना.

आता पुडीत काय घालायचं. माझं पहिलं मत दशमीला. आपल्या आज्या प्रवासाला निघताना दशम्या करायच्या, त्याला कारण होतं. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की खरकट्याचा प्रश्न मिटायचा आणि सोवळ्याओवळ्याचं बघणाऱ्या घरांतही ती वाटेत खाता यायची. सोवळं आपण आता पाळत नसू, पण दुधामुळे दशमी गार झाली तरी चामट होत नाही, आणि गार खाण्यासाठी केलेलं खाणंच आपल्याला हवं आहे. तीन वाट्या कणकेला दोन चमचे गरम तेल, मीठ, भिजेल एवढं कोमट दूध. थोडी जाडसर लाटायची, तुपावर भाजायची. मुलांसाठी दुधात गूळ विरघळवून गोड दशम्या करा, सासऱ्यांसाठी बिनगुळाच्या.

दुसऱ्या दिवसासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. कणकेत थोडं बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट आणि जरा जास्त मोहन. पीठ घट्ट हवं, सैल भिजवलं तर पुऱ्या तेल पितात आणि दुपारी वातड होतात. सहा जणांना पस्तीस-चाळीस पुऱ्या पुरतात. मेथीची घालायची तर कसुरी मेथी घाला, ताज्या पानांना पाणी सुटतं. आणि दशमी असो की पुरी, पूर्ण गार झाल्याशिवाय पुडीत घालू नका. कागदावर पसरून अर्धा तास ठेवा. वाफ कोंडली की दोनच्या पुडीत ओला लगदा निघतो.

सोबत कोरडी चटणी. शेंगदाण्याची नेत असाल तर लसूण वगळा. बंद पिशवी रांगेत उघडली की तो वास चार माणसांपर्यंत जातो. आणखी एक गोष्ट मी फार मनापासून सांगते. इथे शेंगदाण्याची जबर ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात. शेंगदाण्याची पुडी रांगेत उघडायची नाही, बसून खायची, आणि खाल्ल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायचे, नाहीतर ओल्या वाइप्सने पुसायचे. सॅनिटायझर चोळून शेंगदाण्याचा अंश जात नाही, आणि राइडच्या ज्या दांडीला तुमचं मूल धरतं तिलाच पुढचं धरणार असतं. रांगेसाठी तिळाची किंवा डाळ्याची चटणी करा. पाचच्या पुडीत चिवडा, भाजलेले चणे, खाकरा. सासूबाईंचा उपास त्यातल्या एखाद्या दिवशी आला तर राजगिऱ्याचे लाडू न्या. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की घट्ट गोळा होतो.

टिकण्याचं म्हणाल तर इथला जून आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा, दमट आणि ३२-३३ अंशांचा. अमेरिकेत अन्नसुरक्षेचा साधा नियम सांगतात: नासणारं शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. दहीभात, उकडलेल्या बटाट्याची भाजी, पनीर, इडली हे सगळं त्यात आलं. भाताबद्दल लोक बेफिकीर असतात. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही भातात जिवंत राहतात आणि उबदार हवेत पुन्हा वाढतात, त्याने उलट्या होतात. दही घातलं म्हणून भात सुरक्षित होत नाही. माझा दहीभात एकदा सकाळपासून बाबागाडीच्या खालच्या जाळीत राहिला. दुपारी झाकण उघडल्यावर वास आला आणि तेव्हापासून मी तो नेणं बंद केलं.

भाजी हवीच असेल तर ती जेल पॅकमध्ये दाबून ठेवा आणि सव्वाअकराच्या पुडीबरोबर संपवा. पॅक गोठवायला खरा फ्रीझर लागतो. स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलं असेल तर प्रश्न नाही. हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये पॅक नीट गोठत नाहीत, तिथे सरळ सगळं कोरडंच न्या. न्यू जर्सीहून विमानाने येताना दशम्या, पुऱ्या, चिवडा हातातल्या बॅगेत चालतो. लोणचं आणि ओली चटणी मात्र द्रवात धरतात, १०० मिलीच्या वर असेल तर ती सामानात टाका.

पाणी विकत घेऊ नका. ज्या खिडकीवर यंत्रातून सोडा देतात तिथे मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, सहा माणसांना सहा. नळाच्या पाण्याला इथे थोडा गंधकासारखा वास येतो, सासूबाईंना तो खटकेल. म्हणून मी ओआरएसची आणि लिंबू सरबताची सीलबंद पाकिटं नेते. घरचं सरबताचं मिश्रण सुट्या पिशवीत नेऊ नका, तपासणीत पांढरी पूड बघून उगाच वेळ जातो. सासऱ्यांच्या पुड्या मात्र सगळ्या एकाच पिशवीत ठेवू नका. एक त्यांच्या खिशात आणि एक तुमच्या, शिवाय साखर एकदम उतरली तर चटकन खायला ग्लुकोजच्या गोळ्या. रांगेत माणसं एकमेकांपासून लांब पडतात.

बसायचं कुठे? मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउस या रेस्टॉरंटचा वरचा मजला गार आणि त्यामानाने शांत असतो. ऐन गर्दीत मात्र ती टेबलं तिथून जेवण घेणाऱ्यांसाठी सोडावीत असं मला वाटतं. दोननंतर जा, सोबत एखादं पेय घ्या. एपकॉटमध्ये द लँड या इमारतीच्या खालच्या मजल्यावर भरपूर टेबलं आहेत. बाहेर बसलात तर पांढऱ्या, वाकड्या चोचीच्या आयबिस पक्ष्यांकडे आणि खारींकडे लक्ष ठेवा. बाबागाडीवर उघडी पुडी ठेवून वळलात की ती गेली. त्यांना आपण होऊन तर काहीच घालू नका. राइडला जाताना बाबागाडी बाहेर उन्हात राहते, तेव्हा खाण्याची पिशवी पाठीवरच असू द्या.

आणि पाऊस. जूनमध्ये बहुतेक दुपारी गडगडाटासह येतो, आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. सगळे एकदम छपराखाली येतात, मुलं कुरकुरतात, रेस्टॉरंटांत पाय ठेवायला जागा राहत नाही. माझी दोनची पुडी मुद्दाम त्या वेळेसाठी असते. छत दिसेल तिथे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि पुऱ्या वाटायच्या. आमच्या मुलांना आता तो पाऊस राइडइतकाच आवडतो.

सगळंच घरचं खायचा हट्ट मात्र धरू नका. मुलांना तिथलं काहीतरी हवं असतं आणि ते मिळायला हवं. मॅजिक किंगडमच्या अ‍ॅडव्हेंचरलँडमधल्या अलोहा आइलला अननसाचं डोल व्हिप मिळतं, मऊ आइस्क्रीमसारखं, त्यात दूध-अंडं काही नसतं, सासूबाईही निर्धास्त खाऊ शकतील. साखर असते, त्यामुळे सासऱ्यांना दोन चमचे. कोणती गोष्ट विकत घ्यायची ते मुलांनी आदल्या दिवशी ठरवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मग प्रत्येक गाड्यापाशी रडारड होत नाही.

एक पाचवी पुडीही बांधा, ती मी मघाशी मोजली नाही. आतषबाजी संपल्यावर मॅजिक किंगडममधून गाडीपर्यंत यायला आधी मोनोरेल किंवा बोट पकडावी लागते, आणि त्या वेळी सगळा गाव एकदम निघालेला असतो. तासभर सहज जातो. चार वर्षांचं मूल खांद्यावर झोपतं, नऊ वर्षांचं जागं आणि भुकेलं असतं. त्याच्यासाठी एक गोड दशमी पिशवीच्या तळाशी राहू द्या.