फुलं चिकटवल्यासारखी का दिसतात?

प्रश्न : सर, मी खानापूरला राहते, माहेर देवगडचं. श्रावणात गेले होते तेव्हा सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या कातळाच्या पठारावर बसून जलरंगात समुद्र रंगवला. पुढ्यात जांभळी सीतेची आसवं आणि पिवळा कवळा ही रानफुलं नुसती फुलली होती. पण समुद्र निळ्या भिंतीसारखा उभा राहिला आणि फुलं वरून चिकटवल्यासारखी वाटतात. चित्राचा फोटो जोडला आहे. काय चुकलं?

उत्तर : ताई, समुद्राचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुम्ही क्षितिजापासून खडकापर्यंत एकच अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा ओढलाय. श्रावणातला समुद्र असा नसतो. काठाला मातकट, पुढे हिरवट करडा, आणि लांब तर आभाळात मिसळलेला. अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, पावसाळी करडा तयार होतो. क्षितिज कागदाच्या मधोमध आलंय, ते वर घ्या. सड्याला जागा मिळू दे, चित्र त्याचंच आहे.

आता फुलं. ती तुम्ही सगळ्यात शेवटी, पांढरा मिसळून, एकाच मापाचे ठिपके देऊन काढलीत. जलरंगात उजेड रंगाखालच्या पांढऱ्या कागदाचा असतो. फुलांच्या जागी आधी फिकट जांभळा आणि पिवळा ओलाच सोडा, वाळू द्या, मग त्यांच्याभोवती गवताचा गडद रंग भरा. लांबची फुलं म्हणजे नुसती रंगाची झाक. आकार द्यायचा तो पायाजवळच्या पाच-सहांना.

आणि सीतेची आसवं एकदा गुडघे टेकून बघा. नखाएवढं फूल, दोऱ्यासारखा देठ. कातळावरच्या पातळ मातीत पोषण नसतं, म्हणून हे इवलंसं झाड मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून, ते पचवून जगतं. त्याला पाणी लागतंच. म्हणजे तुमच्या फुलांखाली पाण्याचा पापुद्रा होता आणि त्यात आभाळ पडलं होतं! चित्रात तिथे कोरडा तपकिरी आहे. आभाळाचाच करडा खाली फुलांच्या बुडाशी दोन-तीन ठिकाणी येऊ द्या. फुलं जमिनीला धरतील, मला खात्री आहे.

कागद जाड, तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागद आपल्याकडच्या पावसात सर्दावून फुगतो. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा नको. माझी कितीतरी चित्रं या घाईतच चिखल झाली.

सरावाला देवगड कशाला? गौरीसाठी तेरडा आणायला भाताच्या बांधावर जालच, तेव्हा वही बरोबर न्या. तेरड्याचा रंग तीन दिवस, तेव्हा घरी आणून नको, तिथेच बसून रंगवा. फोटो पाठवा, वाट बघतो.