सातवीच्या मराठी वर्गात टॅब आणि संगणक वापरल्याने मुलांचे लेखन खरोखर सुधारते का?

आपण विचारले आहे की, शाळेला देणगीतून १० टॅब आणि एक प्रोजेक्टर मिळाला आहे, सातवीच्या वर्गात ४२ मुले आहेत, बहुतेक घरांत सगळ्यांत मिळून एकच फोन आहे. तर या साधनांनी मुलांचे मराठी लेखन खरोखर सुधारेल का आणि सुरुवात कोठून करावी. मी पुण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत १९ वर्षे मराठी शिकवत आहे आणि त्यांतील गेली ६ वर्षे आठवड्यातून एक तास मुलांना संगणकावर लिहायला बसवत आहे. त्या अनुभवावरून सांगते, लेखन सुधारते. मात्र साधन दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी हातात दिले तरच.

वहीत निबंध लिहिणारे मूल तो एकदाच लिहिते. आपण शिक्षक लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवतो, खाली शेरा आणि सही करतो, मूल चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून आणते आणि त्या निबंधाचे काम तेथेच संपते. येथे थोडी भर घाल, हा परिच्छेद आधी घे, असे सांगितले तर त्याला सगळा निबंध पुन्हा उतरवून काढावा लागतो आणि ती त्याला शिक्षा वाटते. खरे म्हणजे ती असतेच. संगणकावर मध्येच एक वाक्य घालता येते आणि बाकीचे जसेच्या तसे राहते. एवढ्या एका सोयीमुळे मूल आपले लेखन पुन्हा वाचायला तयार होते, आणि सुधारणा होते ती त्या पुन्हा वाचण्यात. चलच्चित्रे, प्रश्नमंजूषा आणि गुणांच्या चांदण्या यांनी वर्गात उत्साह येतो हे खरे, परंतु त्यांमुळे एखाद्या मुलाचे वाक्य सुधारलेले मी अजून पाहिलेले नाही.

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात मी 'आमच्या दारावरून गेलेली पालखी' हा विषय दिला होता. हडपसरकडून येणाऱ्या एका मुलीने वहीत चार ओळी लिहिल्या: "पालखी आली. खूप गर्दी होती. आम्ही दर्शन घेतले. खूप मजा आली." या चार ओळी तिने संगणकावर उतरवल्या. दुसऱ्या वाक्याशेजारी मी टिप्पणी म्हणून एकच प्रश्न लिहिला, "गर्दीत तू कुठे उभी होतीस?" पुढच्या तासाला त्या जागी हा मजकूर आला: "आजीने पाण्याचे पिंप दाराबाहेर ठेवले होते. वारकऱ्यांना पेल्याने पाणी द्यायचे काम माझ्याकडे होते. एक म्हाताऱ्या आजी पाणी प्यायल्या आणि माझ्याच पाया पडल्या. मला काय करावे ते कळेना, म्हणून मीपण त्यांच्या पाया पडले." मी पुन्हा विचारले, "त्या काही बोलल्या का?" तिसऱ्या तासाला आणखी एक वाक्य वाढले: "त्या म्हणाल्या, माउली, पानी लई गार व्हतं." आणि 'खूप मजा आली' हे वाक्य तिने पुसून टाकले होते. ते पुसायला मी सांगितले नव्हते. शुद्धलेखनाची तर एकही खूण त्या तीन तासांत मी केली नव्हती. ते काम चौथ्या तासासाठी राखून ठेवले होते, कारण शुद्धलेखनाची भीती आधी घातली की मुले सोपे आणि पाठ असलेले शब्दच वापरतात.

आता सुरुवात कोठून करावी, याविषयी. सुरुवात कळफलकापासून करावी. ही पायरी बहुतेक शाळा गाळतात आणि मग मुले रोमन अक्षरांत टंकून समोर येईल तो पहिला मराठी शब्द स्वीकारतात. असे मूल मराठी लिहीत असते, पण शब्दाची फोड इंग्रजी अक्षरांनी करत असते. वेलांटी पहिली की दुसरी, याचा विचार करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. भारत सरकारने १९८० च्या दशकातच प्रमाण ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला येतात, त्यामुळे अक्षर कसे घडते हे बोटांना कळू लागते. भारतीय भाषा संगणकावर आणण्याच्या कामात १९८८ मध्ये आपल्याच पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते. टॅबच्या लहान पडद्यावर इन्स्क्रिप्ट जड जात असेल तर वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे दाखवणारा मराठी कळफलक निवडावा, परंतु रोमनमधून टंकण्याची सोय निदान पहिले सत्रभर बंद ठेवावी. रोज १० मिनिटे दिली तर माझ्या वर्गात सहा ते आठ आठवड्यांत हात बसतो.

वरच्या उताऱ्यातील 'वारकऱ्यांना' हा शब्द त्या मुलीने प्रथम 'वारकर्यांना' असा टंकला होता. ही चूक आपल्याला सगळीकडे, अगदी दुकानांच्या पाट्यांवरही दिसते, आणि तिचे कारण मुलाचे अज्ञान हे नसून कळफलक न शिकवणे हे आहे. 'र' घेऊन पाय मोडला आणि 'य' दिला की वर रफार येतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'र' ची कळ दाबल्यास 'ऱ' मिळतो. त्याचा पाय मोडून 'य' दिला की आपला नेहमीचा अर्धा र उमटतो. मी फळ्यावर 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' ही दोन वाक्ये लिहिते आणि दक्षिणा कोणाकोणाला मिळाली ते विचारते. दर्या आणि दऱ्या, एवढी आणखी एक जोडी दिली की मग 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'गऱ्हाणे' हे शब्द मुले आपण होऊन शोधून टंकून पाहतात. व्याकरणाच्या पुस्तकातून हा फरक शिकवताना मला कधीच इतके सहज यश आले नव्हते. जाता जाता एक गोष्ट: अनेक टॅबवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाची अक्षरे प्रमाण मानलेली आहेत, तेव्हा मूल गोंधळले तर दोष त्याचा नसून फॉन्टचा आहे, हे त्याला सांगावे.

शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयींवर फार विसंबू नये. मराठीत शब्दाचे सामान्यरूप होते, त्याला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात, आणि 'झाडाखालच्यांनासुद्धा' यासारखा पूर्ण बरोबर शब्द यंत्राच्या कोशात नसल्यामुळे त्याखाली लाल रेघ येते. उलट 'दिन' आणि 'दीन' यांत चुकीचा शब्द निवडला तरी रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात असतात. म्हणून लाल रेघ म्हणजे चूक असे न शिकवता, लाल रेघ म्हणजे येथे थांबून पाहा, असे मी शिकवते. त्या मुलीनेही मला विचारले होते, "बाई, 'व्हतं' खाली लाल रेघ आलीये, 'होते' करू का?" मी तिला विचारले की, त्या आजी काय म्हणाल्या होत्या? ती म्हणाली, "व्हतं." तो शब्द तसाच राहिला. ज्या मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी आहे, त्यांच्या बाबतीत ही काळजी घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण यंत्राला बोली आणि चूक यांतील फरक कळत नाही आणि मुलाला मात्र आपल्या घरचे बोलणेच चुकीचे आहे असे वाटू लागते.

वहीसमोर बसल्यावर ज्यांना एकही वाक्य सुचत नाही अशा दोन-तीन मुलांसाठी बोलून टंकण्याची सोय उपयोगी पडते. ती भराभर बोलतात, पडद्यावर विरामचिन्हांशिवाय एक लांबलचक ओळ उमटते, आणि ती ओळ तोडून तिची वाक्ये करणे हा पूर्णविरामाचा मला सापडलेला सर्वांत चांगला पाठ आहे.

तरीही पहिला खर्डा वहीतच लिहून घ्यावा आणि वर्गातील टिपणेही वहीतच राहू द्यावीत. म्यूलर आणि ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवून घेत असल्याचे आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडत असल्याचे आढळले होते. तो अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा होता आणि पुढील काळात तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम तितका ठळक आला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. माझे कारण अधिक साधे आहे: दहावीची परीक्षा हातानेच लिहायची असते आणि तीन तास लिहिण्याची सवय हाताला असावी लागते.

१० टॅब आणि ४२ मुले यांचे गणित जोड्या लावून सुटते. अर्धा वर्ग वहीत लिहितो, उरलेली २१ मुले टॅबवर बसतात, नऊ टॅबवर दोघे-दोघे आणि दहाव्यावर तिघे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे. मोठ्याने वाचताना अडखळलेले वाक्य बहुधा दुरुस्तीचेच असते. सगळ्यांना एकाच सामाईक फाइलमध्ये लिहायला बसवू नये. मी पहिल्या वर्षी तसे केले आणि एका मुलाचे बोट चुकून लागल्याने संपूर्ण वर्गाचा मजकूर पुसला गेला. आवृत्ती इतिहासातून, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या सोयीतून, तो परत मिळाला, पण तोपर्यंत दोन मुली रडू लागल्या होत्या. प्रत्येकाची फाइल वेगळी असावी आणि इंटरनेट गेले तरी ती उघडेल अशी सोय आधीच करून ठेवावी. आवृत्ती इतिहासाचा मला पुढे दुसराच उपयोग सापडला: मुलाचा पहिला आणि पाचवा खर्डा प्रोजेक्टरवर शेजारी-शेजारी दाखवता येतो, अर्थात त्याची परवानगी घेऊन. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आयता निबंध लिहून आणण्याचा प्रश्नही यामुळे बराच सुटतो, कारण मी गुण शेवटच्या मजकुराला न देता खर्ड्यांमधील बदलांना देते.

खाती उघडताना घाई करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. मी मुलांच्या नावाने खाती न काढता शाळेच्या खात्यातूनच फाइली उघडते आणि त्यांना हजेरी क्रमांक देते.

राहिला घरच्या एकुलत्या एका फोनचा प्रश्न. संध्याकाळी तो फोन वडिलांबरोबर किंवा मोठ्या भावाबरोबर बाहेर असतो, म्हणून त्यावर करायचा गृहपाठ मी देत नाही. वर्षातून दोनदाच मागणी करते, तीही दहा मिनिटांसाठी: आजीकडून किंवा शेजारच्या कोणा आजींकडून जात्यावरची एक ओवी म्हणून घ्यायची आणि ध्वनिमुद्रित करून आणायची. त्याआधी वर्गात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्या ऐकवते. 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या आवाजासह आणि मराठी पाठासह उपलब्ध आहेत आणि एकूण संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. मग मुले आपापली ओवी कानाला लावून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन, शब्द न् शब्द उतरवतात. मुळशीकडच्या एका आजींच्या ओवीतला एक शब्द आम्हांला तीन तास लागलाच नाही, तेव्हा तो मुलगा घरी जाऊन आजीला विचारून आला आणि त्याने तो शब्द अर्थासह फाइलच्या तळाशी लिहून ठेवला.