'कांगारू'ची व्युत्पत्ती लिहिताना

गोऱ्यांनी प्राण्याचं नाव विचारलं, स्थानिक माणूस 'मला कळत नाही' म्हणाला आणि तेच नाव पडलं, असं सांगतात; 'कांगारू'चा हा अर्थ आधी खोडा. ती लोणकढी थाप आहे. मूळ शब्द ईशान्य ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिधिर या आदिवासी भाषेतला 'गंगुर्रु', तोही कांगारूच्या एका मोठ्या जातीपुरता. १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं जहाज एन्डेव्हर नदीकाठी दुरुस्तीला थांबलं, तेव्हा टिपलेला. नोंदीत 'आदिवासी भाषा' असं मोघम लिहू नका, ऑस्ट्रेलियात अडीचशेच्या आसपास भाषा होत्या. १८२० मध्ये किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या फिलिप किंगला त्याच नदीकाठी वेगळा शब्द मिळाला आणि कुकच्या नोंदीबद्दल संशय वाढला; तो बहुधा 'मिन्हा', म्हणजे खाण्याजोगा प्राणी. खरी गंमत सिडनीची. तिथल्या लोकांचा स्वतःचा 'पटगरंग' असताना १७८८ नंतर तिथे वसाहत केलेले इंग्रज त्यांच्याशी 'कांगारू'च बोलत. पुढे जहाजातून उतरलेल्या गायी पाहून तिथल्याच कोल्बीने इंग्रज अधिकारी टेंचला विचारलं, हे कांगारू का?