सेन्सरचं बिल आणि नव्या गाडीचा हप्ता

नमस्कार. खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत तुमची रोजची ये-जा आहे. 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा कायम पेटलेला, सकाळी बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आणि सोळाचं ॲव्हरेज अकरावर आलेलं. गॅरेजवाल्यानं ‘सगळे सेन्सर आणि पाइप’ मिळून 38,000 सांगितलेत. आहे त्या स्थितीत गाडीचे 70,000 येतायत. मेहुणे कोल्हापूरची तीन लाखांची जुनी गाडी सुचवतात, मुलगा म्हणतो पाच लाख कर्ज काढून नवीच घ्या. काय करावं, असं तुमचं विचारणं आहे.

आधी पेट्रोलची गळती. ठेवायची असो वा विकायची, ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. तापलेल्या इंजिनावर गळलेलं पेट्रोल आग लावू शकतं. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पेट्रोल बरंच दाबाखाली असतं, म्हणून एम-सील लावून किंवा कार्ब्युरेटरच्या जमान्याचा साधा रबरी पाइप चढवून भागवू नका. इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि नवे क्लिप मागा. इंजेक्टरच्या ओ-रिंगा, फिल्टरचे जोड, टाकीवरच्या पंपाचं पॅकिंग आणि खालची लोखंडी लाइन, सगळं बघून घ्या. खानापूरच्या पावसात ही लाइन गंजते. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते इथेनॉल बनवतात, पण तुमच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. त्यामुळे हा रबराचा खर्च पुढेही अधूनमधून येणार, तो हिशेबात धरा.

आता सेन्सर. सगळे एकदम बदलायला माझा ठाम विरोध आहे. मेकॅनिकला स्कॅनर लावून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचायला सांगा आणि तो कोड लिहून घ्या. सेन्सर कुठे आहेत हे तुम्हालाही दिसू शकतं: थर्मोस्टॅटजवळ दोन वायरींचा असतो तो कूलंटच्या तापमानाचा, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) बाजूला थ्रॉटल पोझिशनचा, इनटेक मॅनिफोल्डवर (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यावर) किंवा त्याला नळीनं जोडलेला, तिथला दाब मोजणारा मॅप सेन्सर, आणि सायलेन्सरच्या वाटेवर, एक्झॉस्टमध्ये आटा देऊन बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. कूलंटचा सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटरला इंजिन कायम थंड वाटू शकतं आणि तो जादा पेट्रोल सोडतो; तुमचं ॲव्हरेज त्यानंही पडू शकतं. पण इंजेक्टर ठिबकत असेल किंवा व्हॅक्युमची नळी फुटली असेल, तर ऑक्सिजन सेन्सर चांगला असूनही त्याच्या नावाचा कोड येऊ शकतो. म्हणून गळती आधी, मग कोड पुसून पुन्हा स्कॅन, आणि जो खराब निघेल तेवढाच सेन्सर. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा लिहून मागा, जुना भाग परत घ्या.

पैशाचं बोलू. महिन्याला 1,300 किलोमीटर आणि पेट्रोल 103 रुपये धरलं, तर सोळा आणि अकरा ॲव्हरेजमधला फरक सुमारे 3,800 रुपये महिना. म्हणजे दुरुस्तीला 15,000 लागले आणि ॲव्हरेज पुन्हा सोळावर आलं, तर ते चार महिन्यांत वसूल. ॲव्हरेज चौदापर्यंतच आलं तरी सहा महिन्यांच्या आत. 15,000 ही माझी मर्यादा. स्कॅननंतर आकडा त्याच्या फार वर गेला, किंवा इंजिनच ऑइल खात असल्याचं निघालं, तर फक्त गळती काढून गाडी विका.

नव्या गाडीचं कर्ज मात्र आत्ता नको. पाच लाख, 9 टक्के, सात वर्षं: हप्ता 8,000 च्या थोडा वर, आणि व्याजच पावणेदोन लाख. तुमच्या घरात दोन मुलांचं शिक्षण चालू आहे, सोसायटीचं सोनेतारण अजून फिटायचंय. आधी ते सोनं सोडवा.

मेहुण्यांनी सुचवलेली गाडी वाईट असेल असं नाही, पण तीन लाख ही तिची पूर्ण किंमत नव्हे. एमएच-09 ची, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीची, गाडी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते: कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला लाइफ टॅक्स, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. सीमेवर एमएच पाट्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरताना दिसतात, पण पकडल्यावर दंड आणि टॅक्स मालकाच्याच खिशातून जातो. त्या टॅक्सचा आकडा बेळगाव आरटीओत आधी काढून घ्या, तो तीन लाखांत मिळवा आणि मगच मेहुण्यांना उत्तर द्या.

तुमच्या गाडीची नोंदणी 2029 पर्यंत आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी आता 10,000 आहे, त्यात फिटनेससाठीचा खर्च वेगळा. म्हणून 2029 मध्ये ही गाडी बदलायची हे आजच ठरवा आणि सोनं सुटलं की महिन्याला पाच हजारांची आरडी (आवर्ती ठेव) सुरू करा. रोजची पिग्मी बचत चालू आहेच, ती घरखर्चाच्या अडीअडचणीला राहू द्या. साडेसहा टक्के व्याज धरलं तर तीन वर्षांत आरडीचे दोन लाखांच्या आसपास होतात, म्हणजे पुढच्या गाडीला कर्ज लागलंच तर ते तीन लाखांच्या आत बसेल. स्कॅनचा कागद आणि नवं कोटेशन मला पाठवा.