‘डोन्ट’मधला ‘न’

एका पालकांनी विचारलं आहे : सातवीतल्या मुलीनं इंग्रजी निबंधात ‘डोन्ट’, ‘वोन्ट’, ‘इट्स’ असं लिहिलं. बाईंनी लाल शाईनं सगळं खोडलं आणि ‘डू नॉट’, ‘विल नॉट’, ‘इट इज’ करून आणायला सांगितलं. ही रूपं अशुद्ध आहेत का? शिकणाऱ्यानं ती वापरावीत की टाळावीत?

निबंधापुरतं बाईंचं चालेल. अर्ज, करारनामा, परीक्षेचा पेपर, इथे पूर्ण रूप लिहायची रीत आहे. बोलताना मात्र संक्षिप्त रूपच हवं. ‘आय डू नॉट नो’ असं एकेक शब्द सुटा करून म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस चिडलाय. आपल्याकडेही ‘मी जेवतो आहे’ असं घरात कोणी म्हणत नाही, ‘जेवतोय’ म्हणतो. ‘आलाय’, ‘गेलीये’, ‘नाहीये’ दिवसभर तोंडात असणाऱ्या मराठी माणसाला ‘आय’म’ आणि ‘ही’ज’ची भीती का वाटावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

हे झालं उत्तर. आता माझं दुखणं.

‘वोन्ट’ला ‘वॉन्ट’ म्हणणं थांबवा. माझा एक भाचा फोनवर साहेबांना ठणकावून सांगत होता, ‘आय वॉन्ट बी लेट, सर.’ उशीर होणार नाही म्हणायचं होतं, ऐकू गेलं ते ‘मला उशीर हवाय’. पहिल्यात ‘ओ’ आहे, ‘पोट’मधला. दुसऱ्यात ‘ऑ’, ‘ऑफिस’मधला. आणि हा ‘ओ’ काही कोणी हौसेनं घातलेला नाही. ‘विल’चं ‘वोल’ असंही एक रूप मध्ययुगीन इंग्रजीत होतं, चौदाव्या शतकातला कवी चॉसर ते सर्रास वापरतो. पुढे ‘वोल’ सुटं राहिलं नाही, ‘विल’ जिंकलं, पण ‘नॉट’ला चिकटलेला ‘वो’ तेवढा वाचला. म्हणजे ‘वोन्ट’ हे ‘विल नॉट’चं संक्षिप्त रूप नाहीच, ते ‘वोल नॉट’चं आहे.

मग गाइडं छापतात तो नियम, की अपॉस्ट्रॉफी (शब्दातलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह) म्हणजे गळलेल्या अक्षराची जागा, तो इथे कुठे बसतो? ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारा लुइस कॅरल गणिताचा माणूस, त्याला हे सहन होईना. ‘शॅल नॉट’चं ‘शान्ट’ होताना अक्षरं दोन ठिकाणी गळतात ना, मग चिन्हंही दोन हवीत म्हणून तो ‘शान्ट’, ‘कान्ट’, ‘वोन्ट’ सगळ्यांत दोन-दोन अपॉस्ट्रॉफी घालायचा. नाटककार बर्नार्ड शॉनं उलट टोक गाठलं आणि ‘डोन्ट’, ‘वोन्ट’मधली चिन्हं उडवूनच लावली. त्याआधी 1711 साली निबंधकार जोसेफ ॲडिसननं नेमक्या ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ याच रूपांवर तोंडसुख घेतलं होतं : यांनी भाषा बेसूर केली, व्यंजनांनी तुंबवली. साहेबांना व्यंजनांचा ढीग दिसला. त्या ढिगात काय पुरलंय ते दिसलं नाही.

ते मी सांगतो, कारण मला त्यातच गंमत वाटते. जुन्या इंग्रजीत नकार होता ‘ने’ आणि तो क्रियापदाच्या आधी यायचा. ‘ने’ आणि ‘इज’ मिळून व्हायचं ‘निस’, म्हणजे ‘नाही’. आता संस्कृतकडे बघा : न + अस्ति = नास्ति. इंग्रजीचा ‘ने’ आणि आपला ‘न’ एकाच मूळ शब्दाची लेकरं, ‘इज’ आणि ‘अस्ति’ही तशीच. हजारो मैलांवर दोन भाषांनी तेच दोन तुकडे त्याच क्रमानं सांधले! मराठीनं ही खोड अजून सोडलेली नाही : न + असतो = नसतो, न + होता = नव्हता. इंग्रजीत ‘ने’ आणि ‘विल’ मिळून ‘निल’ व्हायचं, ते आज ‘विली-निली’ या जोडशब्दात अडकून राहिलंय. विली-निली म्हणजे मनात असो वा नसो. ‘असो-नसो’, ‘विल-निल’, घडण तीच.

मग हा ‘न’ पुढून मागे कसा गेला? डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो यस्पर्सन यांनी 1917 मध्ये ती सगळी वाट उलगडून दाखवली. नुसता ‘ने’ अशक्त वाटू लागला, म्हणून जोर द्यायला मागून एक शब्द जोडला गेला : ‘ने’ + ‘आ’ म्हणजे कधीही + ‘विख्त’ म्हणजे वस्तू. ‘कधी काडीचंही नाही’, असं काहीसं. त्याचं झिजून ‘नॉट’ झालं. पुढचा ‘ने’ गळून पडला, ‘नॉट’ एकटा उरला, आणि मग तोही झिजून ‘न्ट’ एवढाच राहिला. तेव्हा ‘डोन्ट’ म्हणताना त्यातला ‘न’ आपल्या ‘न’चा भाऊ असतो आणि ‘ट’ म्हणजे त्या ‘विख्त’चं उरलेलं शेपूट. एवढा वंशवृक्ष असलेल्या रूपाला मुलं ‘शॉर्टफॉर्म’ म्हणतात तेव्हा माझ्या कपाळाची शीर उठते.

माझं मत विचाराल तर ‘न्ट’ हा आता शब्द राहिलेलाच नाही, तो प्रत्यय आहे. अर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी हे 1983 मध्येच साधार मांडलं, पण आपल्या वर्कबुकांना ती बातमी अजून पोचायची आहे. तिथे ‘पूर्ण रूप लिहा’ चालूच. ‘डोन्ट यू नो?’चं पूर्ण रूप लिहा पाहू. ‘डू नॉट यू नो?’ आज कोणी म्हणत नाही, ‘डू यू नॉट नो?’ म्हणावं लागतं. नुसतं फोडून भागत नाही, वाक्यच हलवावं लागतं. ‘नसतोस का?’चं ‘न असतोस का?’ करून बघा, म्हणजे वर्कबुकाची पंचाईत कळेल.

‘आय’म’, ‘वी’व्ह’, ‘शी’ल’ यांची जात वेगळी. ती शेजारच्या शब्दाला टेकून उभी असतात, म्हणून वाक्याच्या शेवटी कोसळतात. ‘आर यू कमिंग?’ला ‘येस, आय’म’ हे उत्तर चूक, ‘येस, आय ॲम’च हवं. ‘नो, आय डोन्ट’ मात्र ठणठणीत, कारण प्रत्ययाला टेकू लागत नाही. आपल्या ‘आहे’चंही तेच. ‘आलोय’ म्हणू, पण धीर देताना ‘मी आहे ना!’ असंच म्हणू, ‘मीय ना’ नाही. शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट खरं तर एवढीच आहे, आणि ती कुठल्याही गाइडात ठळक अक्षरांत मला दिसलेली नाही.

अरे हो, ‘इट्स’ राहिलंच. चिन्ह असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, नसेल तर ‘त्याचा’, ‘त्याची’, ‘त्याचं’. बाईंनी खोडलेला ‘इट्स’ यांतला कुठला होता, हे पालकांनी लिहिलेलं नाही. कुत्र्यानं शेपूट हलवलं त्या वाक्यातला असेल आणि मुलीनं निमूटपणे ‘इट इज टेल’ करून दिलं असेल, तर वही एकदा परत मागवा.